तापलेले आणि ओरडणारे

तो माणूस पाणाड्या नव्हता. हे मी आजवर चार पत्रकांत छापलं आहे, एकात तर ठळक टायपात, चौकट टाकून. चारही वेळा लोकांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि मला विचारलं, "ते समदं बरोबर हाय. पन मग पानी कसं लागलं?"

म्हणून आता पत्रक नाही. आता सगळंच लिहिते.

माळशेज घाट चढून पलीकडे गेलं की जुन्नरच्या अंगाला शेताशेतांतून जाळीच्या अजस्र थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. ती दुर्बीण आहे, पण डोळा लावायची नाही, रेडिओने ऐकायची. आकाशातून येणारा तो आवाज इतका बारीक असतो की गावात कुणी वेल्डिंगचं मशीन लावलं तरी आख्खी दीर्घिका बुडते. त्या माणसाची, म्हणजे काकांची, नोकरी एवढीच, की हा गोंगाट कुठून येतो ते हुडकायचं आणि तो बंद करायला लावायचा. हातात अँटेना, कानात यंत्र, आणि तीस वर्षं रानोमाळ. निवृत्त झाल्यावर ते आपल्या मुरबाडला परत आले आणि एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या. बंद पडलेली होती म्हणूनच घेतल्या.

"मी रिटायर झालो," ते म्हणायचे, "गोंगाट नाही झाला."

त्यामुळे वणवण चालूच. मासा खाऊन उरलेल्या काट्यासारखी ती अँटेना शबनम पिशवीतून अर्धी बाहेर, आणि काका कुठल्या तरी जीपच्या मागच्या फळीवर. कुठे खांबावर ठिणगी उडतेय ते शोधायचं, खांबाचा नंबर लिहून घ्यायचा आणि वीज कार्यालयाला पोस्टकार्ड टाकायचं. कार्यालयात त्या पोस्टकार्डांची माळ करून खिळ्याला टांगलेली मी स्वतः पाहिली आहे. त्यावरही मी पत्रक काढणार होते. काका म्हणाले, नको, निदान टांगतात तरी.

आमची गाठ पडली ती आटगावच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर. खाली बघितलं तर मुंबईला पाणी नेणारे पाइप दिसतात, आत माणूस उभा राहील एवढे. आणि वर पाड्यावर बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन दोन टेकड्या उतरतात. यावर मी वेगळं लिहिलं आहे, इथे लिहीत बसले तर काका राहून जातील. त्या एप्रिलात मी पाड्यावर पत्रकं वाटायला गेले होते. विषय होता, 'पाणाड्यांच्या नादी लागू नका!!!' तीन उद्गारचिन्हं. आमच्या संघटनेच्या शिबिरात तसं शिकवतात. पहिल्या ओळीत शत्रू, दुसऱ्या ओळीत मागणी, शेवटी उद्गारचिन्हं.

आणि समोर बघते तर हा माणूस. डोळे मिटलेले, हातात तो काटा, एक एक पाऊल टाकत चाललाय. मागे सगळा पाडा. सगळ्यात पुढे एक आजी, हातात नारळ. तिला पाड्यावर सगळे आजीच म्हणतात, सरपंचसुद्धा.

तो थांबला.

"थांबला गो, थांबला!" आजी ओरडली. "तितंच हाय! खुना करा!"

मी मध्ये घुसले. लाज वाटत नाही का, शिकलेले दिसता, गरिबांच्या तहानेचा धंदा करता, असं सगळं मी एका दमात बोलले. माझं ते भाषण चांगलं होतं. त्याने कानातलं यंत्र काढलं आणि म्हणाला, "काय?"

मला पहिल्यापासून सगळं परत म्हणावं लागलं. भाषण दुसऱ्यांदा म्हटलं की त्यातली हवा निघते, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग हात पुढे करून पत्रक मागितलं, खिशातून लाल पेन काढलं आणि उभ्याउभ्या वाचायला लागला. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं.

"'पाणाडे भोंदू असल्याचे विज्ञानाने सिद्ध केले आहे.' कोणी केलं सिद्ध?"

"विज्ञानाने."

"ते राहतं कुठे?"

पाडा हसला. मला, त्यांच्या बाजूने भांडणाऱ्या मला, पाडा हसला!

"मी पाणाड्या नाही, बाई," तो म्हणाला. "तुझं म्हणणं बरोबरही असेल. पण तू ते तपासलेलं नाहीस, तू ते ऐकलंयस. तो खांब दिसतो? त्याचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकलाय. महिनाभर तो माझ्या कानात चरचरतोय." त्याने खांबाचा नंबर लिहून घेतला, पत्रक दुरुस्त करून मला परत दिलं आणि किन्हवलीच्या जीपला हात करून गेला.

तो गेल्यावर पाड्याने, तो जिथे थांबला होता तिथे खणलं. त्यांना अडवायला मी आडवं पडायचंच काय ते बाकी होतं. खड्डा दोन पुरुष खोल गेला आणि झरा लागला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, बाकी काही नाही. पण फांदी मोडल्यावर कावळ्याचं कोण ऐकतं? महिन्याभरात काकांच्या गिरणीखाली जीपा उभ्या राहायला लागल्या. टोकावड्याचे आले, डोळखांबचे आले, एक तर थेट भातसानगरहून आला, धरणाच्या वसाहतीतून! काका हात जोडून नाही म्हणायचे. "साधक मानूस हाय," लोक जिना उतरताना एकमेकांना सांगायचे, "असा लगेच हो म्हननार नाय."

शेवटी ते शहापूरला आमच्या संघटनेच्या खोलीवर आले. मला वाटलं, भांडायला आले.

"आपण दोघंही बरोबर होतो," ते म्हणाले, "आणि दोघांचीही फजिती झाली. तू पत्रकं काढतेस ना? मी पाणाड्या नाही असं एक काढ."

ते पहिलं पत्रक. त्याचा परिणाम असा झाला की ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं.

तेव्हापासून मी दर रविवारी मुरबाडला जायला लागले. कारण खरं सांगायचं तर ते लाल पेन. माझ्या पत्रकांवर वरिष्ठ 'छान' लिहायचे. काका लिहायचे 'कोणी पाहिलं?', 'कधी?', 'हा आकडा कुठला?', आणि एकदा समासात नुसतं 'अरेरे'.

माडीवर गेलं की आधी मोबाइल जमा करायचा. कुकरमध्ये. पाच लिटरचा कुकर जिन्याच्या तोंडाशीच ठेवलेला असायचा, धातूच्या बंद भांड्यातून मोबाइलचा गोंगाट बाहेर पडत नाही म्हणून. मी "जय भीम, काका" म्हणायची, ते "जय भीम, कुकर" म्हणायचे. मोबाइल आत टाकायचा, झाकण लावायचं. खरं तर तिथे आता कुठली दुर्बीण होती? पण तीस वर्षांची सवय. एकदा माझा मोबाइल झाकणाच्या आत वाजला. काका इतके खिन्न झाले की दुसऱ्या दिवशी जाऊन कुकरला नवी रबरी रिंग आणली. एकदा एक विमा एजंट आला होता. त्याचा मोबाइल आत आहे हे विसरून काकांनी वर तांदूळ टाकले. पाणी ओतायच्या आधी आठवलं म्हणून बरं. एजंट पुन्हा आला नाही. काका म्हणायचे, फायदा झाला की नाही गोंगाट कमी करण्याचा?

त्या माडीवर एक जुना कॉम्प्युटर होता. दुर्बिणीने जुन्या काळी घेतलेल्या नोंदी काही काळानंतर सगळ्यांना खुल्या होतात, मागेल त्याला मिळतात. काका त्या मागवायचे आणि साफ करत बसायचे. म्हणजे काय, तर त्यात शिरलेला गोंगाट वेचून काढायचा, तांदळातले खडे वेचावेत तसा. जे वेचलं ते एका वहीत लिहायचं. वहीवर नाव होतं, 'काढलेले'. अक्षर असं की वहीची पूजा करावी.

असंच साफ करताना त्यांना ती कमान दिसली.

हे मला कळायला तीन रविवार लागले, तुम्हाला मी एकाच परिच्छेदात सांगते. दीर्घिका एकट्या नसतात, त्यांचे शेकड्यांनी थवे असतात. असे दोन थवे कधीकधी एकमेकांवर येऊन आदळतात. मी म्हटलं, मग सगळ्यांचा चुराडा होत असेल. काका म्हणाले, "मुरबाडच्या बाजारात दोन वराती समोरासमोर आल्या तर काय होतं? माणसं एकमेकांतून वाट काढत जातात. नवरा आपला घोड्यावर पलीकडे निघतो. पण दोन्हीकडची धूळ आणि जनरेटरचा धूर, तो कुठे जाणार? तो अडतो, एकमेकांवर चढतो. दीर्घिका म्हणजे वऱ्हाडी. त्यांच्यामधला तापलेला वायू म्हणजे धूळ. वऱ्हाड निघून जातं, धूळ भिडते. आणि भिडली की एक रेटा सुटतो बाहेरच्या दिशेने, दोन्हीकडे, थेट काठापर्यंत. तो धक्का."

"मग तो दिसतो?"

"रेटा कधी दिसतो का? रेटा खाल्लेले दिसतात. काही जण तापलेले असतात, आणि काही जण ओरडत असतात. तापलेले एक्स-रेमध्ये दिसतात. ओरडणारे रेडिओवर ऐकू येतात, काठावर एक लांब कमान धरून. दोघं एकाच रेषेत सापडले तर म्हणायचं धक्का. नुसते ओरडणारे सापडले तर म्हणायचं, बघू."

"का? ओरडतायत म्हणजे झालं असणारच काहीतरी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू पण ओरडतेस की. दर वेळी धक्का बसलेला असतो?"

माझ्या कमानीत, म्हणजे त्यांच्या, नुसते ओरडणारे होते. त्या एका थव्याच्या पश्चिमेला, विळ्यासारखी वाकलेली, स्पष्ट. ती याआधी कुणाच्या नकाशात नव्हती. काकांनी ते चित्र मला दाखवलं तेव्हा स्क्रीनला बोट लावायचीही त्यांना भीती वाटत होती. मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं बघितलं.

"तीस वर्षं मी दार धरून उभा होतो," ते म्हणाले. "आतलं लग्न दुसऱ्यांचं. कुणी आवाज करू नका, कुणी आवाज करू नका. पंगतीला बसायची ही पहिली वेळ आहे, गो."

त्यांनी ते पुण्याच्या एका मॅडमना पाठवलं. मॅडम खगोलशास्त्रज्ञ, पण विद्यार्थी असल्यापासून काकांना ओळखणाऱ्या. मॅडमना ते आवडलं. पण धक्का म्हणायला एक्स-रे हवा. एक्स-रे हवेतून खाली येत नाहीत, म्हणून ती दुर्बीण अंतराळात. तिचा वेळ मिळवायला अर्ज, अर्जावर समिती, समितीनंतर रांग.

अर्ज, समिती, रांग! हे तीन शब्द एका ओळीत ऐकले की माझं रक्त उकळतं. आमच्याकडे अर्ज देऊन, समिती बसून, रांगेत उभं राहून काय मिळालं ते पाड्याला विचारा. वर्ष गेलं, दुसरं लागलं. काका रोज सकाळी मेल उघडायचे, बंद करायचे आणि चहा ठेवायचे. मला ते बघवेना. आणि मला जे बघवत नाही त्यावर मी पत्रक काढते.

'मुरबाडच्या कामगाराने लावला विश्वाचा शोध!!! दीर्घिकांच्या महाधडकेचा धक्का सिद्ध. मग शास्त्रज्ञ गप्प का? फाइल कोणी दाबली?'

खाली मूठ आवळलेलं चित्र. मुरबाडच्या एसटी स्टँडपासून सरळगाव, किन्हवली, शहापूरची कचेरी, आटगाव स्टेशन, भातसानगरच्या वसाहतीचं गेट, सगळीकडे एका दिवसात चिकटवलं. काकांना विचारलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघटनेच्या खोलीचं दार वाजलं. काका. हातात लाल पेन.

"किती ठिकाणी लावलंस?"

मी सांगितलं.

"यादी दे."

"काका, तुमच्यावर अन्याय..."

"यादी."

मी सोबत गेले, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. मुरबाड स्टँडवर ते भिंतीशी उभे राहिले, चष्मा पुसला आणि 'सिद्ध' वर काट मारून वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शंका आहे.' 'लावला विश्वाचा शोध' खोडून 'काहीतरी दिसले.' 'फाइल कोणी दाबली?' या ओळीपुढे, 'कोणीही नाही. रांग आहे.' तीनपैकी दोन उद्गारचिन्हं खोडली. एक का ठेवलं, विचारलं तर म्हणाले, "तुझं वय आहे."

एक हवालदार जवळ आला. "ओ काका, काय लिवताय भिंतीवर?"

"दुरुस्त करतोय."

हवालदाराने मोठ्याने सगळं वाचून काढलं. "अहो, हा तर तुमचाच सत्कार हाय! खोडताय कशाला?"

"म्हणूनच."

हवालदाराने माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. मी मान हलवून हो म्हटलं. देव, धर्म मानत नाही मी, पण त्या दिवशी प्रत्येक स्टँडवर मला जमीन दुभंगून आत घ्यावीशी वाटली. जीप, एसटी, पुन्हा जीप. किन्हवलीला चहावाल्याने काकांना ओळखलं. "पाणाडे बाबा! आता आभाळातलं पानी बगता काय?" काकांनी त्यालाही एक ओळ लिहून दिली, 'मी पाणाड्या नाही,' सहीनिशी. त्याने ती गल्ल्यावर लावली. गिऱ्हाईक वाढलं म्हणे.

भातसानगरच्या गेटवर शेवटचं 'सिद्ध' खोडून झाल्यावर ते मैलाच्या दगडावर बसले. दमले होते.

"मला माझं नाव नकोय असं नाही," ते म्हणाले. "फार हवंय. म्हणून तर भीती वाटते. आपल्याला जे फार हवं असतं त्याचा एकच साक्षीदार पुरे वाटतो."

मी पिशवीतली उरलेली पत्रकं काढून त्यांच्या हातात दिली. हे लोकांना खोटं वाटेल, पण दिली.

एक्स-रेचं उत्तर आलं ते मॅडम स्वतः घेऊन आल्या, घाट उतरून, गाडीने. रविवार सकाळ होती. त्यांचा मोबाइल कुकरमध्ये गेला. मॅडमना सवय असावी, त्यांनी आधी झाकणाची रिंग तपासली. मग लॅपटॉप उघडला आणि काही वेळ उघडलाच नाही असं केलं. चांगली बातमी द्यायला कुणी एवढा वेळ घेत नाही.

"पश्चिमेला काही नाही, काका."

"काही नाही म्हणजे कमी दिसतंय, की..."

"काहीच नाही. तापमान एकसारखं. पायरी नाही. ती कमान बहुतेक एखाद्या जुन्या दीर्घिकेने कधीकाळी ओकलेला ढग असेल. अजून धुमसतोय, एवढंच."

काका मान हलवत राहिले. "म्हणजे जुनं भांडण. आजचा धक्का नाही."

मला त्या मॅडमना जिन्यावरून ढकलावंसं वाटलं. दोन वर्षं! त्यात त्यांचा काही दोष नव्हता हे मला कळत होतं, आणि त्यामुळे जास्तच राग येत होता.

"पण," मॅडम म्हणाल्या, "पूर्वेला आहे."

"काय आहे?"

"पायरी. आत तापलेलं, बाहेर एकदम थंड. चक्क काठ आहे, कढईला असतो तसा. धक्का आहे, काका, पण तुमच्या कमानीच्या बरोबर उलट्या बाजूला. आणि तिथे तुमच्या नकाशात काहीच नाही. तेच विचारायला आले."

काकांनी स्वतःचा नकाशा उघडला. पूर्वेला स्वच्छ काळं. इतकं स्वच्छ, की झाडून घेतल्यासारखं.

"तापलेले आहेत," ते पुटपुटले, "आणि ओरडत कुणीच नाही. असं कसं?"

मग ते उठले आणि फळीवरून ती वही काढली. 'काढलेले'. पानं उलटत गेले. एका पानावर बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. मी खांद्यावरून वाकून बघितलं. त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'जवळजवळच्या थाळ्यांच्या जोड्या. सर्व. स्थानिक गोंगाट. काढले.'

मॅडमनी कपाळाला हात लावला. "सगळ्या जोड्या काढल्या, काका?"

मला काही कळेना. मग मॅडमनी सांगितलं ते असं. दूरदूरच्या दोन थाळ्या मिळून बारीकसारीक, ठळक गोष्टी ऐकतात. पसरट, पुसट गोष्टी ऐकायच्या तर शेजारशेजारच्या थाळ्या लागतात. आणि गावातला गोंगाटही सगळ्यात जास्त शेजारशेजारच्या थाळ्यांतच शिरतो. पश्चिमेची कमान ठळक होती म्हणून वाचली. पूर्वेला काही पुसट असेल, तर ते त्या जोड्यांबरोबरच घराबाहेर गेलं.

"त्या जोड्यांत गोंगाट होताच," काका म्हणाले. "मला माहीत आहे. त्या गावात मळणीयंत्र आहे. मी ओळखतो ते."

माझ्या तोंडून निघून गेलं. मी मुद्दाम नाही म्हटलं, पण गोड लागलं हे कबूल करते.

"कोणी केलं सिद्ध?"

खाली भातगिरणीत कबुतरं घुमत होती, तेवढाच गोंगाट. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता आपला मोबाइल कुकरमधून काढून निघावं. मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि वहीतल्या त्या ओळीच्या समासात, स्वतःच्या अक्षराखाली, लिहिलं: 'अरेरे.'

पुढचे आठ दिवस ते बसले. यावेळी एकगठ्ठा काही काढायचं नाही. एकेक जोडी, एकेक मिनिट तपासायचं आणि जे नक्की मळणीयंत्र तेवढंच बाहेर. दुपारी वीज गेली की इन्व्हर्टर, तो संपला की नुसतं बसून राहणं. मी सुट्टी टाकून भाकरी पोचवत होते. एरवी बायकांनी भाकऱ्या पोचवायच्या बाबतीत माझी मतं कडक आहेत, पण ते असो.

नवव्या दिवशी सकाळी साडेअकराला चित्र तयार झालं. पूर्वेला, पुसलेल्या फळ्यावर खडू राहतो तशी, एक कमान. मी ओरडले. काकांनी मला गप्प केलं.

"तुला ती तिथे हवी आहे. मलाही हवी आहे. आपण दोघं साक्षीदार म्हणून बाद."

आणि त्या माणसाने काय करावं? चित्र उलटं केलं, मग आडवं फिरवलं, पूर्व कुठली न पश्चिम कुठली काही लिहिलं नाही, आणि मॅडमच्या एका विद्यार्थ्याला पाठवलं, ज्याला या भानगडीतलं काही माहीत नव्हतं. सोबत एवढंच, की यात काही दिसतं का? दिसलं तर पेनाने गोल कर. चार दिवस उत्तर नाही. मी त्या चार दिवसांत विद्यार्थ्याविरुद्ध पत्रकाचा मसुदा केला होता. पाचव्या दिवशी चित्र आलं. दोन गोल होते. काकांनी ते परत सरळ फिरवलं. एक गोल पश्चिमेच्या त्या जुन्या भांडणावर. दुसरा पूर्वेला, जिथे मॅडमची पायरी होती तिथेच.

"ओरडत होते," काका हळूच म्हणाले. "पहिल्यापासून. मीच दार लावून घेतलं होतं."

मग हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तीस वर्षं गोंगाट हाकलणाऱ्या माणसाने पंगतीला बसायची वेळ आल्यावर यजमानालाच हाकललं होतं, आणि हे त्यांना स्वतःलाच सगळ्यात जास्त मजेशीर वाटत होतं. मॅडमच्या लेखात आता काकांचं नाव आहे. आभारात नाही, लेखकांत. ते मी तपासलं आहे, दोनदा.

पण त्याआधी काकांना पत्रक हवं होतं.

'जाहीर दुरुस्ती. मागील पत्रकातील पश्चिमेची कमान धक्क्याची नाही. धक्का पूर्वेला आहे. त्याचा पुरावा खाली सही करणाऱ्यानेच गोंगाट समजून काढून टाकला होता. चूक त्याची.'

"स्वतःविरुद्ध पत्रक?" मी म्हटलं. "काका, आमच्या संघटनेत असं कधी कुणी काढलेलं नाही."

"मग तुमच्याकडे नवीन काहीतरी होईल."

पुन्हा तीच फेरी, त्याच भिंती. मुरबाडच्या हवालदाराने वाचलं आणि काकांना कडक सॅल्यूट ठोकला. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी पाड्यावर गेलो. मागचं पत्रक तिथे मी लावलंच नव्हतं, पण काका म्हणाले, इथे तर दुरुस्ती सगळ्यात आधी लावायला हवी होती.

त्या खड्ड्याची आता विहीर झाली होती, गोल बांधून काढलेली. कठड्यावर हळदकुंकवाची बोटं. काका जिथे थांबले होते तिथून खणताना निघालेल्या दगडावरही. काका त्या दगडाकडे बघायचं टाळत होते. आजी कठड्याशी भांडी घासत बसली होती. मी पत्रक कठड्याला चिकटवलं आणि तिला वाचून दाखवलं.

"मंजे तू चुकलास?" आजीने काकांना विचारलं.

"चुकलो, आजी."

"बरं झालं सांगितलंस. आमचा सरपंच कवा सांगल काय म्हायती." तिने राखेचा हात झटकला. "मग आता पूर्वेला खनू का?"

पाड्यावरच्या बायका खिदळल्या. काकांनी हात जोडले. "आजी, मी पाणाड्या नाही. मी त्या खांबाखाली उभा होतो. इन्सुलेटर तडकला होता."

"तू नाय म्हन. पन ह्या हिरीला पानी हाय का नाय?"

"ते... आहे. पण त्याचा माझ्याशी..."

"मग ते बी लिव की. चुकला तेवढं लिवतोस नि हाय ते लपवतोस? ह्यो कुटला न्याय रे?"

काका माझ्याकडे वळले. मी खांबाकडे बघत राहिले. खरं तर तो इन्सुलेटर अजून बदललेला नव्हता.

"आजी ओरडतेय, हा एक साक्षीदार झाला," काका म्हणाले. "दुसरा पाहिजे."

आजीने पोहरा आत सोडला, वर ओढला आणि तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. काका उभ्याउभ्या प्यायले, सगळा. मग मिशा पुसल्या, लाल पेनाचं टोपण काढलं आणि स्वतःच्या सहीखाली, त्याच सुवाच्य अक्षरात, लिहिलं:

'विहिरीला पाणी आहे. थंड आहे. कारण माहीत नाही.'